सुभेदाराचा मुक्काम

माजावर आलेल्या बोकडाचा वास ज्यांना माहीत नाही ते लोक सुखी आहेत, आणि त्यांनी तसंच सुखी राहावं. परवाच्या पावसाळ्यापर्यंत रत्नाकररावही त्यांच्यातच मोडत होते. विमानांच्या सरकारी कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये उभी हयात घालवलेला माणूस. त्यांच्या सहीशिवाय साधा स्क्रूसुद्धा आभाळात गेला नाही. अशा माणसाला बँकेच्या रांगेत बघून मागच्या बाईने नाकाला पदर लावावा, पुढच्या गृहस्थाने आपला नंबर सोडून बाहेर जाऊन उभं राहावं, म्हणजे काय म्हणायचं! बरं, त्या दोघांचं काही चुकलं होतं म्हणावं तर तसंही नाही.

पण गोष्ट बोकडापासून नाही, शेळीपासून सांगायला हवी. शेळी हेमलताबाईंची. कन्नड मुलखात, बोम्मसंद्राच्या मागे कारखान्यातल्या लोकांनी सोसायटी करून प्लॉट घेतले, तिथे यांचं घर झालं, मागे बरीच मोकळी जागा उरली. त्या जागेत रत्नाकररावांच्या मनात लॉन होतं आणि हेमलताबाईंच्या मनात शेळी होती. आता ज्या घरात हे दोन विचार एकाच वेळी असतात तिथे काय येतं, हे लग्न झालेल्यांना सांगायला नको. शेळी आली. तिचं नाव शेवंती.

दोन वर्षांपूर्वी हेमलताबाई गेल्या. शेवंती राहिली. मुलगा आशय कॅनडातून येऊन, दिवस करून परत गेला, आणि घरात एक माणूस आणि आवारात एक शेळी असा संसार उरला. रत्नाकरराव तिला वेळेवर चारा घालायचे, वेळेवर पाणी ठेवायचे. पण ही बया सकाळपासून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी राहायची आणि ओरडायची. त्या खिडकीतून हेमलताबाई भाजीची देठं टाकायच्या. रत्नाकररावही टाकू लागले. ती देठं खायची आणि पुन्हा ओरडायची. आशयचा फोन आला की तो विचारायचा, "बाबा, मागे कोण रडतंय?" रत्नाकरराव म्हणायचे, "टीव्ही आहे रे."

शेवटी त्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या मूळच्या नागपूरच्या, मोकळ्या बोलणाऱ्या. म्हणाल्या, "काका, शेळी कळपातलं जनावर आहे. एकटं राहिलं की असंच करतं. तिला बोकड दाखवा, गाभण राहू द्या. पिल्लं झाली की घर भरेल." त्या शेळीबद्दलच बोलत होत्या. तरी फोन ठेवल्यावर रत्नाकररावांनी स्वतःच घरभर एक चक्कर मारली.

बोकड मिळाला विठोजीकडे. हा विठोजी पलीकडच्या खेड्यातला. त्याचे पूर्वज कधीकाळी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि फौज परत गेली तरी हे राहिले. घरात अजून मराठी बोलतात. ती मराठी रत्नाकररावांना निम्मी कळायची आणि उरलेली निम्मी कळल्यासारखी वाटायची. विठोजी बोकड स्वतःच टेम्पोत घालून घेऊन आला. काळाभोर, खांद्याला भरलेला, हातभर दाढी. नाव सुभेदार.

"लै गरीब हाय सामी," विठोजी म्हणाला. "लेकरागत. स्वल्प ताकत हाय अंगात, तेवढंच."

आणि दोर रत्नाकररावांच्या हातात देऊन तो जो गेला तो गेलाच. त्याला फोन केला की त्याची बायको उचलायची, आणि बोकड हा शब्द ऐकला की ठेवून द्यायची. पुढे कळलं ते असं, की दरवर्षी या दिवसांत ती बाई नवऱ्याला एकच सांगते, घरात एक तर हा राहील नाही तर मी. म्हणून विठोजी दर मोसमात एखादा सुशिक्षित माणूस शोधतो.

सुभेदाराने आल्या आल्या आवाराची पाहणी केली. मग वरचा ओठ वर उचलून, मान मागे टाकून तो डोळे अर्धे मिटून उभा राहिला, एखादा जाणकार पहिली तान ऐकून राहतो तसा. मग जीभ बाहेर काढून बुडबुड असा काही तरी अशोभनीय आवाज केला. आणि मग त्याने पुढचे पाय फाकवले, मान खाली घातली आणि स्वतःच्या दाढीला स्वतःच अभिषेक केला. कशाने, ते विचारू नका.

रत्नाकरराव हबकले. जनावराला काही तरी भयंकर आजार आहे अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी ताबडतोब डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"काका, आजारी नाहीये तो," त्या हसत म्हणाल्या. "नटतोय. सेंट लावतोय समजा."

ज्या शेवंतीसाठी हा सेंट, तिने मात्र सुभेदाराकडे एकदा बघितलं आणि ती सरळ स्वयंपाकघरात येऊन फ्रिजच्या मागे उभी राहिली. सुभेदार दारावर धडका मारत राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिची वेळ झालेली नाही, दोघांना वेगळं ठेवा. आणि त्यांनी युक्ती सांगितली. एक फडकं घ्यायचं, बोकडाच्या शिंगांच्या मागे खसाखसा घासायचं आणि डब्यात बंद करून ठेवायचं. रोज सकाळी ते शेवंतीच्या नाकासमोर धरायचं. शेपूट हलवून ओरडायला लागली की समजायचं, माजावर आली. मगच सुभेदाराला सोडायचं.

"झाकण मात्र घट्ट हवं हं काका, नाही तर वास उडून जातो."

वास उडून जाईल ही शक्यता त्या घरात कुणालाच वाटत नव्हती. पण घट्ट झाकण म्हटल्यावर रत्नाकररावांतला क्वालिटी कंट्रोल जागा झाला. त्यांनी स्वयंपाकघरातले झाडून सगळे डबे खाली काढले, एकेकात पाणी भरून उलटे धरले. भराभर नापास होत गेले. पास झाला एकच, अगदी वरच्या फळीवरचा, जाड पत्र्याचा, कडीचा, अंगावर 'हेमलता' असं कोरलेला. तो पहिल्यांदा उघडला तेव्हा आत काही नव्हतं, पण वेलदोड्याचा आणि जायफळाचा वास भपकन बाहेर आला. दोन वर्षं बंद डब्यात वास टिकला, म्हणजे झाकण उत्तम! त्यांना त्या वेळी तेवढंच सुचलं. खूश होऊन त्यांनी त्यात सुभेदाराचं फडकं घातलं आणि कडी लावली.

शेजारचे नरसिंहराव चार पिढ्यांचे इथलेच. त्यांच्या मराठीत कन्नड किती आणि कन्नडमध्ये मराठी किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. ते कुंपणावरून सल्ला देत. कुंपणाच्या अलीकडे मात्र येत नसत.

"अय्यो रत्नाकरराव, आंघोळ घाला हो त्याला! चिंचेचा कोळ लावायचा, सरी का, कळलं ना? आमच्या अज्जांच्या वेळेला घोड्याला लावायचे."

घोड्याला का लावायचे, हे विचारायचं राहून गेलं. रत्नाकररावांनी चिंच भिजवली, कोळ काढला, बादली घेतली. सुभेदाराने आंघोळ अर्धी करू दिली. मग बुडबुड आवाज करत त्याने रत्नाकररावांच्या पोटात डोकं घातलं, त्यांना बादलीसकट खाली पाडलं आणि प्रेमाने त्यांच्या अंगाला अंग घासलं. परिणाम असा झाला, की बोकडाला चिंचेचा वास लागला आणि रत्नाकररावांना बोकडाचा. शिकेकाई झाली, लिंबू झालं, फरशीचं फिनेल झालं. बँकेची ती रांग याच्या दुसऱ्या दिवशीची.

कडीकोयंड्याचं तर विचारूच नका. विमानाच्या दाराची तपासणी केलेल्या माणसाने स्वतः कागदावर काढून, बोम्मसंद्रातून घडवून आणलेली कडी सुभेदाराने जिभेने उघडली. दुसरी शिंगाने. तिसरी त्याने उघडलीच नाही, दारच काढलं. शेवटी साखळी आणली.

त्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, गॅस लीक होतोय. सेक्रेटरी श्रीवत्स, हा लॅपटॉपवाला तरुण मुलगा, गॅसवाल्या माणसाला घेऊन दारोदार हिंडला. तो माणूस नाक वर करून चालत चालत बरोबर रत्नाकररावांच्या मागच्या आवारात येऊन थांबला, आणि सुभेदाराला बघून त्याने आपलं यंत्र बंद केलं.

"सर, ॲनिमल रजिस्टर करावं लागेल," श्रीवत्स रुमालातून म्हणाला. त्याचं मराठी हुबळीच्या आजीकडचं. "पण ॲपमध्ये दोनच ऑप्शन आहेत, डॉग आणि कॅट. डॉग करू का?"

रत्नाकरराव ताठ झाले. खोट्या तपासणीवर त्यांनी नोकरीत कधी सही केली नव्हती, आता निवृत्तीनंतर बोकडाला कुत्रा म्हणून पास करणार? मुळीच नाही. मग निघालं, की गेटवरच्या पोराने पहिल्या दिवशीच ॲपमध्ये नोंद करून ठेवली होती. सुभेदार, एक व्यक्ती, येण्याचं कारण भेट. तेव्हा तो पाहुणाच राहिला. पाहुण्यांना सोसायटीत मनाई नव्हती.

आणि हे सगळं चालू असताना नवरात्र तोंडावर आलं. नवरात्र म्हणजे भोंडला. इथल्या मराठी मंडळाचा भोंडला वर्षानुवर्षं हेमलताबाईंच्या आवारात व्हायचा. मारतहळ्ळीच्या, बेळ्ळंदूरच्या, कुठकुठच्या मराठी बायका जमायच्या, पाटावर हत्ती काढायचा, फेर धरून गाणी म्हणायची, मग खिरापत ओळखायची. रत्नाकररावांनी तो कधी बघितला नव्हता. "आज बायकांचं राज्य आहे, तुम्ही जा बघू," म्हणून त्यांना पिटाळलं जायचं, आणि ते नरसिंहरावांच्या व्हरांड्यात जाऊन कॉफी पीत बसायचे. तिथून गाणी ऐकू यायची, हसणं ऐकू यायचं. वर्षातून एक दिवस त्यांच्या घरातून इतकं मराठी बाहेर पडायचं, की नरसिंहराव म्हणायचे, "आज तुमच्या घराला तोंड फुटलंय."

गेली दोन वर्षं घराला तोंड फुटलं नव्हतं. पहिल्या वर्षी सुतक म्हणून. दुसऱ्या वर्षी कुणी विचारलं नाही म्हणून.

यंदाची मीटिंग अंजलीच्या बेळ्ळंदूरच्या फ्लॅटवर झाली. अंजली पुण्याची, आयटीतली, मंडळाचं सगळं तीच बघते. रत्नाकरराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. ते बसले तशा खुर्च्या सरकायला लागल्या. कुणी पंख्याखाली गेलं, कुणाला बाल्कनीतून तळं बघायचं होतं. आता बेळ्ळंदूरचं तळं सांडपाण्याच्या फेसाचं, ते कुणी हौसेने बघायला जात नाही, हे रत्नाकररावांना कळत होतं. शेजारून उठल्या नाहीत त्या फक्त अहल्याबाई. साडीची नीट घडी, हातात जपमाळ, हेमलताबाईंच्या जुन्या मैत्रीण. त्या अगदी जवळ बसून हेमाच्या आठवणी सांगत राहिल्या. केवढा हा मोठेपणा, असं रत्नाकररावांना वाटलं.

"अहो, तुमच्या शर्टाला कसला डाग हो?" अहल्याबाईंनी विचारलं. "चिंच का? कोविडपासून मला वासच येत नाही कशाचा. आमटी करपली तरी सुनेने सांगावं लागतं."

तेवढा मोठेपणाही गेला.

"काका, आमच्या क्लबहाऊसला एसी आहे, पार्किंग आहे," अंजली म्हणत होती. "तुम्हाला एकट्याला उगाच त्रास कशाला? लेट्स कीप इट सिंपल ना."

"भोंडला आमच्या घरी असतो," रत्नाकरराव म्हणाले. आवाज जरा मोठाच लागला.

काहींना हेमा आठवली, काहींना खिडक्या उघडायची घाई होती. अंजली मऊपणे म्हणाली, "बरं, यंदा तुमच्याकडे. मग बघू पुढचं."

मग बघू म्हणजे काय, हे क्वालिटी कंट्रोलवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. ही चाचणी होती. नापास झालं की त्या घरात पुन्हा कुणी येणार नव्हतं.

भोंडल्याच्या रविवारी रत्नाकररावांनी आवार तीनदा धुतलं, उदबत्तीचा अख्खा पुडा जाळला. सुभेदाराला अगदी मागच्या शेडमध्ये साखळीने बांधला, वर ताडपत्री सोडली. शेवंतीला कडुलिंबाखाली बांधली, कारण बायका तिला ओळखत होत्या. पाटावर हत्ती काढला, मोजमाप घेऊन, प्रमाणबद्ध. खिरापत स्वतः केली. नारळाच्या वड्या व्हायच्या होत्या, पण त्या थिजेनात. मग आटवल्या तर चिकट झाल्या, मग रवा घातला, मग दूध. शेवटी जे झालं त्याला काय म्हणतात ते त्यांनाच माहीत नव्हतं. ओळखायला अवघड हवं, तर याहून अवघड काय असणार! त्यांनी ते प्लॅस्टिकच्या डब्यात भरून ओट्यावर ठेवलं.

बायका आल्या. टेम्पो ट्रॅव्हलर भरून आल्या. वाऱ्याची दिशा चांगली होती. हत्तीभोवती फेर धरला, गाणी सुरू झाली, आणि रत्नाकरराव स्वयंपाकघराच्या खिडकीशी, शेवंतीच्या जागेसमोर, आत उभे राहिले. इतकी वर्षं जे नुसतं ऐकलं होतं ते त्यांनी पहिल्यांदा बघितलं. हेमा यात कुठे उभी राहत असेल? हत्तीच्या सोंडेपाशी असणार. तिथे आता कुणी लाल साडीवाली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला.

तेवढ्यात मागे साखळी खणखणली. ते धावत शेडकडे गेले. सुभेदार ताडपत्री खात होता. तिची ओढाताण करून, अर्धी त्याच्या तोंडातून सोडवून ते परत आले तर गाणी संपलेली, आणि फेराच्या मधोमध अंजली उभी. हातात डबा. जाड पत्र्याचा. कडीचा.

त्याचं असं, की त्या डब्याला मंडळातली प्रत्येक बाई ओळखत होती. दरवर्षी खिरापत त्यातूनच यायची. अंजली स्वयंपाकघरात गेली, ओट्यावरच्या प्लॅस्टिककडे तिने बघितलंसुद्धा नाही, वरच्या फळीवरून हेमाकाकूंचा डबा काढला आणि डोळ्यांत पाणी आणून बाहेर आली. माहीत नव्हतं ते एकट्या रत्नाकररावांना. दरवर्षी ते व्हरांड्यात कॉफी पीत होते ना!

अंजलीने डबा हलवला. आवाज आला नाही.

"मऊ आहे काही तरी! पुरणपोळी!"

"साटोऱ्या!"

"खांडवी!"

रत्नाकररावांनी हात वर केला. त्यात अजून ताडपत्रीचा तुकडा होता.

"काका, चीटिंग! तुम्ही नाही ओळखायचं!" अंजली हसून म्हणाली. सगळ्या हसल्या. आणि हरलो, हरलो, असा एकच गलका करून त्यांनी तिला डबा उघडायला लावला.

पुढचं फार भरभर झालं. कडी निघाली. पहिली किंकाळी सोंडेपाशी उभ्या असलेल्या लाल साडीची. अंजलीने "ओ माय गॉड" म्हणून डबा टाकला, फडकं हत्तीवर पडलं, फेर फुटला. आणि कडुलिंबाखाली शेवंतीने मान वर केली. इतक्या दिवसांत रोज सकाळी जिने त्या फडक्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं ती शेपूट हलवायला लागली, आणि काय ओरडली म्हणता! शेडमधून उत्तर आलं. मग साखळीचा, मग खुंट्याचा, मग पत्र्याचा आवाज आला, आणि सुभेदार, गळ्यात साखळी, दाढीत ताडपत्री, मधल्या बायकांना मिळेल त्या बाजूने ओलांडून, प्रमाणबद्ध हत्ती तुडवून कडुलिंबाखाली पोचला. त्यानंतर तिथे जे झालं ते मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात बसणारं नव्हतं.

बायका गेटबाहेर. टेम्पोवाला चहाला गेलेला, फोनवर म्हणत होता, "हत्त निमिष, मॅडम." ती दहा मिनिटं सगळ्या रस्त्यावर नाकाला पदर, ओढणी, रुमाल लावून उभ्या राहिल्या. कुंपणापलीकडून नरसिंहराव म्हणाले, "हळद लावून बघायला हवी होती." टेम्पो आल्यावर अंजली तेवढ्यातही परत आली. पोरगी वाईट नाही. म्हणाली, "काका, टेन्शन घेऊ नका. पुढच्या वर्षी क्लबहाऊसलाच करू. तुम्ही आमचे गेस्ट म्हणून या, नक्की."

"येईन ना," रत्नाकरराव म्हणाले.

टेम्पो गेला. इतकं शांत झालं, की शेवंतीसुद्धा ओरडत नव्हती. रत्नाकररावांनी फडकं जाळलं आणि डबा नळाखाली धरला. राख लावली, चिंच लावली, साबण लावला, पुन्हा राख. नाकाशी नेला. सुभेदार. पुन्हा घासला. पुन्हा सुभेदार. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय घालवलं. दोन वर्षं तो वेलदोडा त्या डब्यात जसाच्या तसा होता आणि आपण झाकण पास केलं. ते नळ चालू ठेवून तिथेच उभे राहिले आणि रडले, अगदी आवाज करून रडले. घरात ऐकायला कोण होतं!

"अहो, खिरापत कुठाय?"

अहल्याबाई. कडुलिंबापासून लांब, पण फेराच्या जागीच खुर्ची टाकून बसलेल्या. त्यांना न्यायला भाचा यायचा होता आणि पळायचं कारण त्यांना कळलंच नव्हतं. रत्नाकररावांनी तोंड धुतलं आणि प्लॅस्टिकचा डबा बाहेर नेला.

"असा नाही, हलवा आधी," त्या म्हणाल्या. रत्नाकररावांनी हलवला. अहल्याबाई कान देऊन ऐकू लागल्या. "सांज्याची पोळी? नाही? ती हेमाने पहिल्या वर्षी केली होती. मग नाचणीचे लाडू. तेही नाही? पेरूची बर्फी, ती फसली होती, काय हसलो होतो! मग ते हे, तुमच्या आवडीचं, आंबोळ्या आणि गुळवणी. म्हणाली होती, यांच्यासाठी वेगळं काढून ठेवलंय."

रत्नाकरराव डबा हलवत राहिले. त्यांच्या घरात काय काय झालं होतं ते एकेक करून त्यांना कळत होतं. गुळवणी त्यांना आठवत होती. नरसिंहरावांकडून परत आल्यावर ताटात असायची, आणि ती कशी आली हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

शेवटी त्या हरल्या. त्यांनी चमच्याने खाल्लं, मन लावून, आणि म्हणाल्या, "काय आहे हो हे?"

"ठाऊक नाही."

"बरं लागतंय."

बाहेर भाच्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. अहल्याबाई उठल्या. जाता जाता चमचा ठेवायला त्या स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा नळाशी ठेवलेला, घासून लख्ख केलेला तो डबा त्यांना दिसला. त्यांनी तो उचलला, कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं, झाकण काढलं आणि डबा नाकाशी नेऊन दीर्घ श्वास घेतला.

"येतोय हो अजून," त्या म्हणाल्या. "हेमाचा वेलदोडा."

रत्नाकररावांनी त्यांच्याकडे बघितलं. कडुलिंबाखाली सुभेदार बुडबुड करत होता.

"येतोय," ते म्हणाले, आणि त्यांच्या हातून डबा घेऊन त्यांनी झाकण घट्ट लावलं.